दुकानाची जमीन

आण्णा, सराफ्यातलं आपलं दुकान आज रिकामं झालं. सकाळी झारेकरी आला. तुमच्या वेळी दुकानातला केर धुऊन सोनं काढायला यायचा, त्याचाच मुलगा. तुमची बैठक होती तिथूनच त्यानं जमीन खणायला घेतली. "वीतभर तरी खाली जावं लागतंय, ताई. लई वर्षांचं बसलंय हे," म्हणाला. मी उंबऱ्यावर बसून राहिले. गारखेड्याला घरी जाऊन तरी कुणाशी बोलणार होते?

तुम्ही बसलेले दिसता. कानशीनं अंगठी घासताय, मांडीवर चामडं, त्यात कीस पडतोय. मी घरी निघाले की तुम्ही माझे तळपाय ओल्या फडक्यानं पुसायचात आणि ते फडकंसुद्धा केरात ठेवायचात. एकदा शाळेतल्या मैत्रिणीचेही पुसलेत. ती पुन्हा आली नाही, आणि मी तुमच्याशी चार दिवस अबोला धरला. पुढं कॉलेजात भूशास्त्र घेतलं तेव्हा तुम्ही भडकलात. "आपल्या काळ्या दगडात रतीभर सोनं नाय. दगडं शिकून काय करतीस?" मग कानस चालवत, मान वर न करता, "बरं, दुसरीकडं डोंगरात ते एका जागी जमतं कसं, तेवढं विचारून ये." तो धडा पुढच्या वर्षी होता. तोवर तुम्ही राहिला नाहीत.

तर ऐका. जमिनीचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांना रेटतात, मधला समुद्र मिटतो, डोंगर उभे राहू लागतात. समुद्रतळाचा गाळ आणि जुना लाव्हा खोल दाबले जातात, तापतात, आणि खडकात अडकलेलं पाणी सुटतं. त्यात गंधक असतं. खडकभर विखुरलेलं सोनं गंधकाच्या सोबतीनं त्या पाण्यात विरघळतं आणि भेगांमधून वर चढतं. भूकंपानं भेग उघडली की कुकरची शिट्टी उडावी तसा दाब एकदम उतरतो, आणि सोनं पाण्यातून सुटून पांढऱ्या गारगोटीच्या शिरेत बसून राहतं. भेग बुजते, पुन्हा फुटते, असं लाखो वर्षं. मग डोंगर झिजतो आणि शीर उघडी पडते. रायचूरकडच्या खाणीत अशा शिरेला मी हात लावला तेव्हा भोवती विद्यार्थी होते. दरवर्षी मी हा धडा शिकवते, आणि दरवर्षी भलत्याच माणसांना सांगतेय असं वाटतं.

दुपारी मागच्या नळावर झारेकऱ्यानं माती धुतली. परातीच्या तळाशी पिवळी रेघ दिसली. सोनं त्याचं, असंच ठरलं होतं. उरलेला चिखल तो नालीत लोटणार, तेवढ्यात मी बादली पुढं केली.

"यात आता काय नाय राहिलं, ताई. परत धुतलं तरी नाय."

"कॉलेजात तपासायला हवा," मी म्हणाले.

तपासायचं काही नाही, आण्णा. तुम्ही बसायचात तिथला आहे, एवढंच. मघाशी त्यात दोन्ही हात घातले. अजून धुववत नाहीत, म्हणून हा कागद असा मळलाय. नाहीतरी तो पाठवायचा कुठं?