अजून चार तास

३ मार्च, सकाळी ८. अकोला
भट्टीत अ‍ॅल्युमिनियमचे दीडशे ब्रॅकेट. अमरावतीच्या पंजाबरावांची सॅम्पल ऑर्डर. कडकपणा किमान ९५ हवा. उद्या अचलपूरला बहिणीकडे, माणिककडे. तेहतीस वर्षांत पहिली सुट्टी. ठरलं म्हणजे ठरलं.

दुपारी ४
आठ तास. कडकपणा ९६. भाची प्रणाली, डिप्लोमा होऊन वर्ष नाही, म्हणते, मावशी, आता काढ. छे. आठ तासांत ९६, तर सोळात एकशे दहा!
तिचं म्हणणं, तापताना धातूत बारीक कण तयार होतात, तेच बळ. जास्त ठेवलं की लहान कण विरघळतात, मोठे फुगतात. “गल्लीत जागोजागी शंभर पोट्टे उभे असले तं गाडी अडते. त्यायचे चार पहिलवान झाले तं मधून ट्रक जाते!”
पोरकटपणा. मी बी.एस्सी. आहे.
तिने दहा ब्रॅकेट बाहेर काढून ठेवले. पैज लागली: तिचे जास्त कडक निघाले तर भट्टीची चावी तिची. बिचारी.

४ मार्च, सकाळी ८
९१. कडकपणा मोजायचं मशीन बिघडलेलं. कारागीर देवमनला झापलं. म्हणाला, बाई, मशीनले काहून बोलता, त्यानं काय केलं?
एसटी चुकली. भट्टीशेजारी खाट टाकली आहे. अजून चार तास, मग निघायचंच.

५ मार्च, सकाळी ८
८४. व्होल्टेज. एमआयडीसीत दुसरं काय मिळणार?
माणिकचा फोन. येऊन राहिली का नाही? म्हटलं, संध्याकाळी नक्की. जेवण भट्टीपाशीच.

संध्याकाळी ६
पंजाबराव आले. माझा ब्रॅकेट तपासून म्हणाले, “बाई, हे तं लोणी झालं.” प्रणालीचे दहाही ९६. ऑर्डर मिळाली. बाकीचे ती पुन्हा पहिल्यापासून तापवणार.
शब्द म्हणजे शब्द. चावी दिली. डुप्लिकेट पर्समध्ये आहे, त्याबद्दल पैजेत काही ठरलं नव्हतं.

७ मार्च. अचलपूर
सुट्टी उत्तम चालली आहे. सकाळपासून भट्टीवर फक्त सहा फोन. पाच देवमनने उचलले.
सहावा, साडेपाचला, प्रणालीने. विचारलं, काय चाललंय? म्हणाली, काई नाही मावशी, आठ तास झाले, माल काढला, भट्टी बंद केली, घरी जाऊन राहिली.
घरी. साडेपाचला.
असं करता येतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.