पट्टी सोडण्याचा हुकूम

सोलापूर,
ता. १८ ऑगस्ट १९३६

कॅप्टन मानसिंगराव यांस,

नमस्कार. क्षेमकुशल विचारण्याची रीत आहे म्हणून विचारतो. उत्तराची आज गरज नाही. तुमच्या ताईची प्रकृती ठीक आहे, म्हणजे ती उभी आहे आणि आग्रह केला तर चार घास खाते. पावसाने इकडे ओढ दिली आहे.

सिद्धनाथच्या नावे तुम्ही छावणीतून वसतिगृहाच्या पत्त्यावर धाडलेले अभिनंदनाचे पत्र काल पुण्याहून फिरून येथे पोचले. "शाब्बास भाच्या, कॉलेजची लाज राखलीस!" असे तुम्ही लिहिता. तो सोलापुरात आमच्या माजघरात तापाने फणफणून पडला आहे, हे तुम्हांला ठाऊक नव्हते असे मी धरून चालतो. कॉलेजच्या लष्करी पथकाच्या छावणीहून तुम्ही आता पुण्यास परतला असाल.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. ऐकीव गोष्टीखाली सही करण्याची मला सवय नाही. त्याला घेऊन आलेल्या मित्रास मी वेगळे विचारले, मुलास वेगळे. हकीकत एकच निघाली. सामन्यात समोरच्या गड्याच्या बुटाने सिद्धनाथची नडगी फुटली. फुटबॉलात जखमी गड्याच्या जागी दुसरा घेता येत नाही, हे मला मान्य. पण त्याला बाहेर बसवून दहा जणांनिशी खेळण्यास तुम्हांला कोणी मनाई केली होती? संघाचे शिक्षक तुम्ही, आणि त्याचे मामाही तुम्हीच. तुम्ही स्वतःच्या पोटरीला गुंडाळलेली गणवेषाची, चिखलाने माखलेली खाकी पट्टी सोडलीत, उघड्या जखमेवर आवळलीत आणि म्हणालात, "कडेला नुसता उभा राहा. तुझ्यामागं त्यांचा एक माणूस अडकला तरी बास."

माझा मुलगा तुम्ही बुजगावण्यासारखा उभा केलात!

सामना जिंकल्यावर तुम्ही म्हणालात, "मी सांगेपर्यंत पट्टी सोडू नकोस." आणि पहाटे छावणीला निघून गेलात.

मानसिंगराव, त्याने ती सोडली नाही. पाय सुजला, बोटे काळवंडली, वसतिगृहातल्या मुलांनी गयावया केली. "मामांनी सांगितल्याबिगर न्हाय," हे एकच उत्तर. अखेर इथे डॉक्टरांनी ती कात्रीने कापली, तेव्हा घरभर वास पसरला. तुमची ताई बाहेर गेली. मी गेलो नाही. हुकूम देणाऱ्याने तो मागे घेण्याची आठवण ठेवावी, हे पलटणीत तुम्हांला कोणी शिकवलेच नाही काय?

डॉक्टर म्हणतात, विष वर चढते आहे. गुडघ्यावरून पाय काढला तर मुलगा वाचेल. परवापर्यंत काढला तरच. सिद्धनाथ हात लावू देत नाही. तो सज्ञान आहे, त्याच्या संमतीवाचून डॉक्टर शस्त्र उचलणार नाहीत. मी समजावले, रागावलो. शेवटी आयुष्यात कोणापुढे जोडले नव्हते ते हात त्याच्यापुढे जोडले. तो हसला. "बाबा, तुम्ही घाबरलाय. मामांना येऊ द्या की. ते काप म्हणाले, तर कापा."

तार केली असती तर तुम्ही मिळेल त्या गाडीने निघाला असता, हे मी जाणतो. पण मग यातले काही न ऐकता आला असता, आणि तुम्हांला समोर पाहिल्यावर माझ्याच्याने हे बोलून झाले नसते. म्हणून गिरणीतले आमचे कारकून गुरुलिंग हे पत्र हातोहात आणत आहेत. त्यांच्याबरोबरच निघा. तुमची ताई मघापासून दारात उभी राहून मला ऐकवते आहे, "भांडा की मागनं! आधी माझ्या भावाला बोलवा!"

गणवेष घालून या. स्टेशनवर टांगा असेल, मी नसेन. माझी क्षमा मागण्यात वेळ घालवू नका, सरळ त्याच्या खाटेपाशी जा. तुमच्या डोळ्यांत पाणी दिसले तर तो ऐकणार नाही, तेव्हा मैदानावर बोलता त्याच आवाजात सांगा. त्या वेळी मी खोलीबाहेर थांबेन. तो तुमच्याकडे ज्या नजरेने पाहतो, ती मला वीस वर्षांत कधी मिळाली नाही. आणि त्याचा पाय घेतल्यावरही ती तुम्हांलाच मिळेल. तेवढे पाहण्याची ताकद माझ्यात नाही.

खाली 'तुमचे दाजी' असे लिहवत नाही. पण या.

श्रीमंत घाटगे