तळ दिसेपर्यंत

यवतमाळ, नेर रोड
१४ जुलै २०२५

ती. उर्वशीताईंना,
वैष्णवीचा सा. न. वि. वि.

काल फोनवर मी सगळं ठीक आहे म्हटलं, तेव्हा आई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. फोन वाजला की त्यांचा कान तिकडेच असतो. म्हणून हे पत्र. तुम्ही शाळेतल्या बाई, शुद्धलेखनाच्या चुका काढालच. पण मधेच तोडून बोलू तरी शकणार नाही.

आधी चांगलं सांगते. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईंचा डावा पाय कसा फरफटतो ते तुम्ही पाहिलंच आहे. पण पाण्यात त्या उभ्या राहतात. हे घर घेतलं तेव्हा मागच्या स्विमिंग पूलवरून तुम्ही आपल्या भावाला, अंकुरला केवढं चिडवलं होतं, की कापसाचा व्यापारी आता म्हशी डुंबवणार. त्याच पुलात कहकशां त्यांना हाताला धरून चालवते. ती यवतमाळची फिजिओथेरपिस्ट, वयाने लहान पण आईंना दटावते, आणि आई तिचं ऐकतात. डावा पाय अजून खाली दाबला जात नाही, वर तरंगतो. तो तळाला टेकून भार घ्यायला लागला की जमिनीवरही चालतील, असं ती म्हणते.

आता वाईट. गेला आठवडाभर पाऊस होता आणि लाइटचा खेळ चालला होता. पंप बंद तर फिल्टर बंद. पाणी आधी पोपटी झालं, मग पालकाच्या पातळ भाजीसारखं. आईंनी फडक्यात तुरटीचा खडा बांधून चालू फिल्टरसमोरच फिरवला, तेव्हा फिल्टरमधली वाळूही चोंदली. घरमालकीण होऊन मला सहा महिने झाले, पण या पाण्याची मालकीण मी अजून झालेले नाही.

कहकशांने स्पष्ट सांगितलंय की वरून तळ दिसत नाही तोवर ती आजींना उतरवणार नाही. पाय घसरला तर तो कुठे गेला ते दिसायला हवं. आणि पाय परत यायचे महिने हेच आहेत, पुढे अंग जसं असेल तसंच राहून जातं, असंही तीच सांगते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्ही मिळून मला झोप येत नाही.

तुमचा माझ्यावर लोभ आहेच. या दिवसांत तो जरा जास्त लागेल.

तुमची
वैष्णवी


मारेगाव
१८ जुलै २०२५

चि. सौ. वैष्णवी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. चुका तीनच आहेत, पास केलं तुला.

पण बाई, मी घाबरली. आई न्हाणीत पडलेली सापडली त्या दिवसापासून फोन उशाशी घेऊन निजते मी. आणि आता तू लिहितेस की घरामागे डोक्याएवढं पाणी आहे आणि त्यात काय आहे ते दिसत नाही. कायले हा जीवघेणा खेळ? चालली नाही तरी चालेल मला. पण ती असली पाहिजे.

तुला पोहता येत नाही, अंकुर दिवसभर जिनिंगमध्ये. आमच्याकडे खिडकीजवळची खोली रिकामी आहे. दिवसभर बाई ठेवीन, संध्याकाळी मी आहेच. पोळ्याला मी गाडी घेऊन येते. तोवर पाणी स्वच्छ झालं आणि तिचं चालणं सुरू झालं, तर पुरणपोळी खाऊन एकटी परत जाईन. नाहीतर तिला घेऊन जाईन. हे मी रागाने लिहीत नाही.

आणि पाणी स्वच्छ करायचं म्हणशील तर त्यात एवढं शिकण्यासारखं काय आहे? आपल्या शेतावरचा हौद आई दर आखाडीच्या आधी उपसायची. काथ्याने घासायचा, चुना मारायचा, ऊन दाखवायचं आणि नवं पाणी भरायचं. शेवाळलेल्या पाण्यात औषधं ओतत बसणं म्हणजे खरकट्या भांड्यात अत्तर टाकणं. उपसून टाक.

आईच्या पायाला रोज कोमट तेल लावत जा. तुझ्या काळजीतली अर्धी इकडे पाठवून दे.

तुझी
उर्वशीताई


यवतमाळ
२५ जुलै २०२५

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

उपसायचं आईही म्हणतात. रोज म्हणतात. उपसल्याबिगर पानी साफ झालेलं मी जन्मात पायलं नाही, असं त्या कहकशांलाही सुनावतात.

हे घर आधी ज्या डॉक्टरांचं होतं, त्यांच्या पत्नीला मी नागपूरला फोन केला. त्या म्हणाल्या, काहीही कर, पण पावसाळ्यात पूल रिकामा करू नकोस. आपली जमीन काळी. पावसात ती पाणी पिऊन फुगते आणि खालून वर दाबते. पुलातलं पाणी आपल्या वजनाने त्याला खाली धरून ठेवतं. ते काढलं की खालचं पाणी तळ फोडून वर येतं. हौद जमिनीच्या वर बांधलेला असतो, हा जमिनीच्या पोटात आहे. मी हे अंकुरला सांगितलं, तर तो हसला. म्हणाला, पाणी काय वरवंटा आहे का, दाबून ठेवायला.

म्हणून मी माझ्या परीने शिकते आहे. सकाळी दोन छोट्या नळ्यांत पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकायचे. एकात पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे, दुसऱ्यात लाल फार गडद आला म्हणजे पाण्याचा पीएच चढलाय आणि क्लोरीन असूनही काम करत नाही. मग थोडं आम्ल घालून तो खाली आणायचा. दोन्ही औषधं कधीच एकत्र ठेवायची नाहीत, म्हणून एक गॅरेजमध्ये, दुसरं गच्चीच्या खोलीत. लाइट आली की हातातलं टाकून पंपाकडे पळते. फिल्टर उलटा धुते तेव्हा नळीतून काळंहिरवं पाणी निघतं, आणि ते पाहून मला उगाच बरं वाटतं. हिरवेपणा जाऊन आता पाणी ताकासारखं झालंय. वरची पायरी दिसते, खालची नाही.

पण आई थांबल्या आहेत, ताई. पुन्हा पलंगावर. वॉकर दिला तर भिंतीकडे तोंड करतात. कहकशांने घोटा हलवून पाहिला, म्हणाली, आखडायला लागलाय.

तुम्ही आईंना आणि अंकुरला एकदा लिहा की उपसू नका. तुमचं ऐकतील. माझं म्हणणं ह्या घरात अजून नवं आहे.

मायेत अंतर पडू देऊ नका.

तुमची
वैष्णवी


मारेगाव
३० जुलै २०२५

चि. सौ. वैष्णवी,
आशीर्वाद.

रागावू नकोस. मी अंकुरला फोन करून सांगितलं की येत्या रविवारी उपसून मोकळा हो. तिचा घोटा आखडतोय आणि तू थेंब मोजत बसली आहेस. जमीन फुगते, टाकं वर येतं, असल्या गोष्टी मी आजवर ऐकल्या नाहीत, आणि जन्म काळ्या मातीत गेला माझा. त्या डॉक्टरीणबाईंनी आयुष्यात किती हौद घासले, विचार जरा.

सोमवारी नवं पाणी, मंगळवारी आई पाण्यात. मग माझी आठवण काढशील.

तुझ्यावर जीव आहे म्हणूनच दामटते.

उर्वशीताई


यवतमाळ
५ ऑगस्ट २०२५

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

रविवारी काय झालं ते अंकुरने तुम्हाला फोनवर थोडक्यात सांगितलं. मी सगळं लिहिते.

शेतावरची मोटर आणून त्याने सकाळीच लावली. मी नको म्हणत होते. आई मात्र कितीतरी दिवसांनी उत्साहात होत्या. काठावर खुर्ची मागितली, हातात काथ्या घेतला. पाणी उतरून पायऱ्या उघड्या पडल्या तसं त्यांनी मला धरून खाली न्यायला लावलं. दुसऱ्या पायरीवर बसून उजव्या हाताने फरशी घासू लागल्या. मला म्हणाल्या, तू मले कायले घाबरवून राह्यली वं, पाय काय न् टाकं काय, दोन्ही सुधरते आता. अंकुर खाली पोटरीभर पाण्यात. मी सुद्धा वाद सोडला होता. वाटलं, असेल, ह्यांचंच खरं असेल.

मग खालून आवाज आला. ट्रक रिकामा होताना येतो तसा, पण जमिनीच्या आतून. खोल भागातल्या फरश्या फटाफट उडाल्या आणि अंकुरच्या पुढ्यात तळ फुगून वर आला, पोळी तव्यावर फुगते तसा. मधोमध चीर पडली आणि तिच्यातून काळं पाणी उसळलं. आई पायरीवर बसलेल्या. त्यांना उठता येईना, आणि ओरडताही येईना. अंकुरने घसरत येऊन त्यांना उचललं, मी वरून काखेत हात घालून ओढलं. नडगी सोलवटली आहे, बाकी काही नाही. खरंच काही नाही, कहकशांने तपासलं.

मी मोटर बंद केली आणि बोअरचा पाइप पुलात सोडला. अंकुर म्हणत होता, भरशील तर आणखी फुटेल. मी म्हटलं, रिकामा ठेवला म्हणूनच फुटला, आता त्याच्यावर वजनच हवं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा पाइप आणायला गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं न बोलता त्याने माझं पहिल्यांदाच ऐकलं. पाणी चढत गेलं तसा तळ थांबला. फुगा पुरता बसला नाही, चीरही आहे. मिस्त्री म्हणतो, जमीन वाळेपर्यंत हात लावायचा नाही; आत-बाहेर पाणी सारखं आहे तोवर गळणार नाही. उथळ भाग शाबूत आहे.

तुम्हाला दोष देत नाही असं लिहिणार होते. देते, थोडासा. लिहून टाकलं, आता तो माझ्याजवळ राहिला नाही.

आपली माया आहे तशीच असू द्या.

वैष्णवी


मारेगाव
९ ऑगस्ट २०२५

चि. वैष्णवी,

वाचलं. दुसऱ्या पायरीवर बसलेली आई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

दोष दिलास ते बरं केलंस. पण त्यामुळे माझा बेत बदलत नाही, उलट पक्का होतो. खोली रंगवून घेतली. पलंग लावला. पोळ्याला येते. आता नाही म्हणू नकोस, माझ्यात ऐकण्याची ताकद नाही.

उर्वशीताई


यवतमाळ
१७ ऑगस्ट २०२५

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तळ दिसतो आहे. काल सकाळी उथळ भागात एक पान पडलं होतं. मी काठावर उभी राहून त्याच्या शिरा पाहिल्या. अंकुरच आता उजाडताच नळीत थेंब टाकतो आणि रंग ओरडून सांगतो, निवडणुकीचा निकाल सांगावा तसा. खोल भाग दोर बांधून बंद केलाय. कहकशां स्वतः पुलात उतरून प्रत्येक फरशीवर नाचून आली आणि म्हणाली, हो, चालेल.

पण आई उतरत नाहीत.

काठापर्यंतही येत नाहीत. मागचं दार उघडं दिसलं तरी लावून घ्यायला सांगतात. ते टाकं खालून तोंड उघडते, असं कहकशांला म्हणाल्या. मी समजावलं, अंकुरने हात जोडले. काल त्यांनी माझ्याकडून पिशवी भरून घेतली. दोन लुगडी, औषधं, चष्मा. म्हणाल्या, उर्वशीकडे बरं राहीन मी, कोणाले तरास नको.

ताई, हे मी तुमच्यापासून लपवू शकले असते. पण तुम्ही येणारच आहात, आणि पिशवी दारातच आहे. इतके दिवस वाटायचं, पाणी स्वच्छ झालं की झालं. पाणी मला जमलं. हे कसं जमवायचं ते कोणत्याच बाटलीवर लिहिलेलं नाही.

या. तुम्ही घेऊन गेलात तरी माझं प्रेम कमी होणार नाही, एवढं मात्र आताच लिहून ठेवते.

वैष्णवी


मारेगाव
२६ ऑगस्ट २०२५

प्रिय वैष्णवी,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं फोनवर कळवलंच. पण तू स्वयंपाकघरात पुरणात हात घालून होतीस, आणि मागे काय झालं ते तू फक्त शेवटी पाहिलंस. म्हणून लिहिते.

पिशवी मी गाडीत ठेवली होती. खोटं कशाला बोलू, ठेवताना मला हायसं वाटलं होतं. मग म्हटलं निघण्याआधी ती चीर तरी बघावी, माझ्या हट्टाची. मागचं दार उघडून गेले. चीर दिसली, दोराच्या पलीकडे, स्वच्छ पाण्याखाली. इतकी स्वच्छ की मला वाईट वाटलं. तू एवढं केलंस आणि मी काय पाहायला आले होते, तर तुटलेलं.

मग मी चपला काढल्या. का, ते सांगता येणार नाही. मला पाण्याची भीती तुझ्यापेक्षा जास्त, हे आईला चांगलं माहीत. नेसत्या साडीनिशी पहिल्या पायरीवर उतरले, मग दुसऱ्या. कहकशां काठावरून हात पुढे करून होती, मी तिलाही धरलं नाही. छातीपर्यंत पाणी आलं तिथे थांबले.

आईने दारातून पाहिलं आणि शिव्या सुरू केल्या. वय झालं तरी अक्कल नाही, मास्तरीण झाली पण डोकं तसंच, निंघ बाहेर. मी म्हटलं, निघता येत नाही, पाय हलत नाहीत. ते खरंच होतं गं. तशी ती वॉकर ढकलत काठापर्यंत आली, आणि तिथून कहकशांला म्हणाली की उतरव मले, ही पोरगी बुडते.

कहकशांने तिला उतरवलं. अगदी सावकाश, पायरीला थांबत, कमरेचा पट्टा धरून. आई माझ्यापर्यंत आली आणि माझं मनगट पकडलं. मीही तिचं धरलं, कोण कोणाला धरून होतं ते कळत नव्हतं. तू दारात आलीस ती तेव्हा. तुला वाटलं मी रडते आहे ती भीतीने.

तसं नव्हतं, वैष्णवी. तिचा डावा पाय माझ्या पायावर पडला होता. चुकून. मी तो तरंगून वर जायची वाट पाहत राहिले. तो गेला नाही. माझी बोटं त्याच्याखाली दुखायला लागली, आणि मी पाय काढून घेतला नाही. तिला अजून कळलेलं नाही. कहकशांला मी कानात सांगितलं, तर ती म्हणाली, आजींना आत्ता सांगू नका, त्या लगेच धावायला बघतील.

गाडीतून पिशवी मीच परत आणली. तू काही विचारलं नाहीस, त्याबद्दल तुझी ऋणी आहे.

उद्या तिला पुन्हा उतरवा, आणि परवाही. तिने नाही म्हटलं तर सांगा, उर्वशी येते आहे पाण्यात बुडायला.

जसा आईवर जीव लावतेस तसा थोडा माझ्यावरही असू दे.

तुझी
उर्वशीताई