निम्मा वर्ग पडद्यावर

१ जुलै
मिळाली बाई नोकरी एकदाची! अंधेरीचं कॉलेज, एम.कॉम.चा वर्ग. थोडी मुलं बाकांवर, बाकीची घरून लॅपटॉपवर, आणि मी दोघांना एकदम शिकवायचं. झकास जमलं. घरच्या मुलांना माझा आवाज पोचतोय का हे कळेना, म्हणून पहिल्या बाकावरच्या सम्यकला म्हटलं, तू फोनवरून पडद्यावरच्या वर्गात आत ये आणि बघ. आला, अंगठा दाखवला. गोड पोरगा.

५ जुलै
सम्यक आता घरूनच बसतो. निमेश आणि भाविकासुद्धा. ज्याला आवाज तपासायला सांगावं तो दुसऱ्या दिवशी बाकावरून गायब, पडद्यावर हजर! आळशी मेले. मनाली तेवढी न चुकता येते. वेसाव्याची कोळ्यांची पोर, तोंडाने तिखट. म्हणते, मॅडम, तुमचा आवाज पार समुद्रापर्यंत जातो, फोन कशाला हवाय?

९ जुलै
आज पडद्यावर सम्यकच्या मागे नीट पाहिलं. आमचाच फळा. आमचेच बाक. निमेशच्या मागेही तेच. मी वळून बघितलं, तर त्या दोघांचे इथले बाक रिकामे. सम्यक तासभर हात वर करून होता. आवाज येत नव्हता, ओठ मात्र हलत होते.

१० जुलै
सम्यकच्या घरी फोन केला. वडील रडले. मुलगा आठवडाभर घरी आलेला नाही, आणि पोलिसांनी कॉलेजची हजेरी बघून त्यांना परत पाठवलं. प्राचार्य म्हणाले, सगळे रोज हजर आहेत मॅडम, उगाच डोकं खाऊ नका.
अरे, पण पोरं कुठायत? मीच एकेकाला आत पाठवलं. देवा, मीच!
बाकावर आता एकटी मनाली. तिला नाही जाऊ देणार.

१२ जुलै
तिला बजावलं होतं, फोन काढायचा नाही. मी फळ्याकडे वळले तेवढ्यात मला मदत म्हणून आत गेली. अंगठा दाखवून हसली. मी फोन हिसकावला, हात धरून तिला घरी सोडलं. तिच्या आईने, सुगंधाताईंनी, माझ्यासमोर दाराला कडी लावली.

१३ जुलै
तरीही—
मनाली पडद्यात. पहिला बाक. रडतेय.
सुगंधाताई कॉलेजच्या फाटकाशी बसल्यात, मासळीची पाटी तशीच. पोर कुठाय विचारतात. ऑफिस सांगतं, हजर आहे.

१५ जुलै
तास संपवला की सगळ्यांचे चेहरे एकदम काळे होतात. आज संपवलाच नाही.
ताईंना म्हटलं, मी फोनवरून आत जाऊन आणते तिला. काय बोलून बसले—
फोन काढलाय. मनाली नको नको म्हणून मान हलवतेय. घाबरू नको गं, आलेच—

१६?
आत आलेय. हात धरलाय तिचा. गार आहे.
परतायचं कसं ते कुणालाच—
ताई वर्गात आल्या. लॅपटॉपसमोर. पोर दिसली त्यांना. आम्ही सगळे ओरडतोय, ऐकूच जात नाही—
फोन काढतायत—
नको ताई, पाया पडते, न