दाढीवाल्याचा फ्रॉक

ती. बाबांना, तुमच्या लेकीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत?

मी ज्या रॉक बँडचे कपडे शिवते, त्यातला गायक चांगला दाढीवाला बाप्या आहे आणि स्टेजवर फुलाफुलांचा फ्रॉक घालतो. हसू नका. तो मापाला उभा राहिला तेव्हा मी टेप हातात धरून नुसती बघत राहिले. आपल्या दुकानात पुरुषांचे कपडे तुमच्याकडे, बायकांचे आईकडे. मग हा कोणाकडे? शेवटी घेतलं मीच माप. तो म्हणाला, शाळेत असताना असाच एक फ्रॉकवाला गायक बघितला आणि तेव्हापासून छाती फुगवून चालायचा कंटाळाच आला. एवढं बोलून त्याने दोन खोल खिसे मागितले.

यांच्या कार्यक्रमाला पोरं काजळ लावून येतात, पोरी ढगळ शर्टात. ड्रम वाजवणारी मुलगी घामाने निथळत असते, पण तिला कोणी 'नीट बस' म्हणत नाही. तेवढं कानावर न पडणंसुद्धा किती बरं वाटतं, बाबा.

मीही केस बारीक कापलेत. आईला एकदम सांगू नका, आधी चहा पाजा.

हल्ली मी शर्टच घालते, पण विकतचा खांद्यात बसत नाही. लहानपणी तुमच्याकडे मागितला होता, तेव्हा तुम्ही मला आईच्या मशीनकडे पाठवलंत.

खाली माझी मापं लिहिली आहेत. ती आईकडे देऊ नका.

शर्टाची वाट बघणारी,
तुमची लेक