झाकण ठेवा, गॅस बारीक करा

आई,

निघताना मी 'आज पास्ता करा' म्हणाले ते याचसाठी. तुमचा लेक सगळं घर उलथंपालथं करेल, पण पास्त्याच्या या बरणीला हात लावायचा नाही.

चिकन कापून, मीठ-मिरपूड लावून फ्रीजमध्ये ठेवलंय. कांदाही चिरलाय. मोठ्या पॅनमध्ये दोन्ही परतून घ्या, टोमॅटो घाला. पास्ता त्यातच शिजतो, वेगळा उकळून गाळायची भानगड नाही. प्लास्टरमधल्या हाताने पातेली उचलू नका. 'बाथरूममध्ये पाय घसरला' असं आपण दोघींनी डॉक्टरांना सांगितलं. पुन्हा सांगायला माझी जीभ रेटणार नाही.

तो कामावरून आला की आधी आंघोळीलाच जाईल. चिमणीचं विचारलं तर म्हणा, मैत्रिणीकडे आहे, मी आणायला गेलेय. शॉवर सुरू झाला की पॅनमध्ये पास्ता आणि पाणी घाला, झाकण ठेवा, गॅस बारीक करा. पास्ता तुम्हाला रबरासारखा लागतो, ठाऊक आहे. आज चव बघायला थांबूच नका.

वास सुटला की त्याला वाटेल, तुम्ही ओट्यापाशीच आहात. चपला हातात घ्या आणि मागच्या जिन्याने उतरा. ही चिठ्ठी सोबत आणा. खाली टॅक्सीत चिमणी आणि मी आहोत. आजी आल्याशिवाय हलायचं नाही, अशी तिची ताकीद आहे.

तुमच्या पोटचा गोळा आहे, मला कळतं. पण आई, मागच्या खेपेला हातावर निभावलं.