चार बोटं कोरी जागा

॥ श्री ॥
रामघाट, वाराणसी
१६ नोव्हेंबर १९९३

चि. बिंदुमाधव यास लतिकाकाकूचे अनेक आशीर्वाद.

तुझं कानपूरचं पत्र भाऊबीजेच्या दिवशी आलं. चकल्यांचा डबा उल्हासच्या आईबरोबर पाठवते आहे. ढोल बडवणाऱ्याला भूक जास्त लागते हे मला मान्य आहे, पण डबा स्टेशनवरच संपला असं कळलं तर पुढच्या वर्षी त्याला नुसती भाजणी पाठवीन. तुमचा चौघांचा फोटो पाहिला. शेंडी ठेवत नाहीस म्हणून तुझे अण्णा चिडायचे. आता सगळं डोकंच शेंडी करून ठेवलंयस. तुमच्या बँडचं 'उत्तरवाहिनी' हे नाव मात्र मला आवडतं. आपली गंगा काशीत आली की उत्तरेकडे वळते, तसे तुम्हीही नोकऱ्या सोडून भलतीकडेच वळलात.

भावजी, म्हणजे तुझे अण्णा, बरे आहेत. पाठशाळेत सध्या नऊ विद्यार्थी आहेत. तुझं नाव ते काढत नाहीत. पण पोस्टमनने खालून हाक दिली की वरचा पाठ थांबतो आणि मी पत्र वाचून चष्मा काढून ठेवला की पुन्हा सुरू होतो. दोन वर्षं हे बघते आहे.

मला तुमच्या घरातला वेद कळत नाही. मी जबलपूरच्या कॉन्व्हेंटातली, सात वर्षं तिथल्या कॉयरमध्ये खालचा आवाज धरून उभी राहिलेली मुलगी. पण लग्न होऊन या घरात आले आणि भाजी चिरता चिरता घन, वेद म्हणायची ती उलटसुलट रीत, कानावर पडत गेला. दोन शब्द पुढे, मग मागे. तीन पुढे, तीन मागे, पुन्हा तीन पुढे. तुला तर भावजींनी तो आपल्या घाटांच्या नावांवर शिकवला होता: संकठा भोसले, भोसले संकठा, संकठा भोसले राम, राम भोसले संकठा, संकठा भोसले राम. तेच तू गिटारवर घेतलंस, विद्यापीठाच्या मैदानावर म्हटलंस, आणि घरात ये पण ते गाणं बाहेर ठेवून ये, असं भावजी म्हणाले. तूही बॅग उचललीस. दोघंही एका दमात बोललात आणि दोन वर्षं आवंढा गिळताय.

या पत्रात खाली चार बोटं जागा सोडते आहे. ती भावजींची. आज पत्र त्यांच्या बैठकीपाशी दौतीशेजारी ठेवते आणि उद्या पेटीत टाकते. कोरी आली तर कोरीच वाच.

लोभ आहे, गाडी चुकली तरी तो चुकू देऊ नकोस.

तुझी,
लतिकाकाकू


इंदूर
२ फेब्रुवारी १९९४

ती. काकूस शिरसाष्टांग नमस्कार.

जागा कोरीच होती. मी ती खिडकीशी उजेडात धरूनही पाहिली. उल्हास म्हणाला की लिंबाच्या रसाने लिहिलं असेल, इस्त्री फिरवून बघ. चकल्या त्याने स्टेशनवर नाही, त्याआधी रिक्षातच संपवल्या.

काकू, तुला सगळं सांगावंसं वाटतं. कानपूरला आमच्यासमोर चाळीस माणसं होती, त्यातली निम्मी गारठ्यातून आत आलेली. भोपाळला दोनशे. इटारसीला गाडी पहाटे चार मिनिटं थांबली, तर तीन मुलं आणि एक चाळिशीच्या बाई डब्याच्या दारात पुऱ्या घेऊन उभ्या! बाईंचं नाव शरदिनीताई. त्या इंदुरात टायपिंगचा क्लास चालवतात, आणि आमच्यासाठी एवढ्या लांब आल्या होत्या. आमच्या कॅसेटी आम्ही विकतच नाही, त्या शरदिनीताईच वाढवतात. कुणीही कोरी कॅसेट पाठवावी, त्या भरून परत पाठवतात. आतल्या कागदावर गाण्यांची नावं टंकलेली, आणि शेवटी एक ओळ: ऐकून झाल्यावर आणखी एकाला द्यावी. चारशे बारा झाल्या. कुठल्या गावी जायचं हे आम्ही आता ठरवतच नाही, जिथून कोऱ्या कॅसेटी जास्त येतात तिथे जातो. उतरायला कुणाची तरी गच्ची असते, वरण-भात असतो.

ही कॅसेट आम्ही नागपूरला उल्हासच्या मामांच्या घरी केली, भिंतींना गाद्या टेकवून. घाटांचं गाणं शेवटचं. त्यात तिसऱ्या फेरीला माझा आवाज बसला. 'राम भोसले संकठा' म्हटलं आणि पुढे तोंडातून काही निघेना. उल्हासनेही हात थांबवला. नंतर ऐकलं तर ती शांतता सगळ्यांना आवडली, म्हणून तशीच ठेवली. आता लोकही बरोबर तिथेच थांबतात. दोनशे माणसं एकदम गप्प झालेली तू ऐकायला हवीस.

काशीतले विद्यापीठाचे जुने मित्र बोलावताहेत, दिवाळीनंतर मैदानावर गा म्हणून. मी अजून हो म्हटलेलं नाही. अण्णांच्या गावात गाऊन त्यांच्या दारावरून परत जायचं, हे मला जमणार नाही. आणि गाणं बाहेर ठेवायचं म्हणजे कुठे ठेवायचं, काकू? ते चपलांसारखं निघत नाही.

एक कॅसेट सोबत पाठवतो आहे. तू ऐक. बाकी तुझ्यावर.

तुझ्या ओरडण्याला आसुसलेला,
बिंदू


॥ श्री ॥
रामघाट, वाराणसी
२० एप्रिल १९९४

चि. बिंदुमाधव यास अनेक आशीर्वाद.

तुझी कॅसेट मी स्वयंपाकघरात, आवाज बारीक करून ऐकत होते. भावजींपुढे काढायचा धीर होत नव्हता. पण ती वेगळ्याच वाटेने त्यांच्यापर्यंत पोचली.

परवा ते पंचगंगा घाटाहून नावेने येत होते. आपला काशीनाथ मल्लाह वल्ही मारताना घाटांची नावं गुणगुणत होता, आणि तीही घनात! भावजींनी आधी नुसतं ऐकलं, मग त्याला थांबवून म्हणाले की शेवट चुकतोय. तो म्हणे वल्हं वर धरून हसला आणि म्हणाला की पंडितजी, गलती नहीं है, भैया कैसेट में ऐसे ही गाते हैं, पूरा मल्लाह टोला ऐसे ही गाता है. भावजी घरी आले, पाय धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले की ते यंत्र कुठे आहे. मी कैरी किसत होते, ती किसणीसकट खाली ठेवली.

तीनदा ऐकलं, बिंदू. बोटांच्या पेरांवर मोजत. गिटार सुरू झाली तेव्हा तोंड कडू केलं, हे खोटं कशाला सांगू. तिसऱ्यांदा कॅसेट संपल्यावर म्हणाले की हे अर्धं आहे, आणि उठून गेले. एवढंच.

मी एक गोष्ट आजवर तुझ्याशी बोलले नव्हते. तुझी आई इंदू गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तुझ्या हातून अग्नी देववून भावजी तुला मणिकर्णिकेहून नावेतून घरी घेऊन आले. तू रडतही नव्हतास, बोलतही नव्हतास. त्या माणसाला गोष्टी सांगता येत नाहीत, कुशीत घेता येत नाही. त्याने वाटेत एकामागून एक लागणारे घाट दाखवून तुला म्हणायला लावलं, संकठा भोसले, भोसले संकठा. मी रामघाटाच्या पायऱ्यांवर उभी होते. नाव लागली तेव्हा तू म्हणत होतास. तुला हे आठवतं की नाही, ठाऊक नाही. पण ते गाणं मैदानात ऐकू आल्यावर त्यांना काय झालं असेल, याचा मी विचार करते. वेद विटाळला म्हणून ते रागावले असं सगळी गल्ली समजते. मला तसं वाटत नाही.

'अर्धं' हा शब्द कळवावा की नाही, दोन दिवस घोळत होते. पण तुझ्यापासून लपवणं मला जमत नाही.

चार बोटं याही वेळी कोरीच आहेत. मात्र एका कोपऱ्यात शाईचा ठिपका पडलाय बघ. टाक टेकवला होता.

आठवण येते तिला उत्तर म्हणून तरी लवकर लिही.

तुझी,
लतिकाकाकू


पुणे
११ ऑगस्ट १९९४

ती. काकूस शि. सा. नमस्कार.

उत्तराला उशीर केला. नावेतलं मला आठवत नव्हतं. तुझं पत्र वाचल्यावर आठवलं. पाण्याचा वास आणि अण्णांचं ओलं उपरणं, एवढंच.

पण अर्धं, काकू? तीन वर्षं, एकवीस गावं, शरदिनीताईंच्या नऊशे कॅसेटी, आणि अर्धं? काल इथे सहा हजार लोक होते. ते शेवटाला थांबले, आणि त्या शांततेत मला तो एकच शब्द ऐकू येत होता. अण्णांनी शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. अर्ध्याशी कसं भांडायचं?

मी ठरवलंय. यापुढे घाटांचं गाणं म्हणणार नाही. शरदिनीताई रागावल्या, म्हणाल्या की नऊशे घरांत गेलेलं गाणं आता तुझं एकट्याचं उरलंय का? उल्हास तर माझ्याशी बोलतच नाही, नुसता टेबलावर ताल धरतो. पण ज्याचं होतं त्याला परत करतो. काशीच्या मित्रांनाही दसऱ्यापर्यंत नाही म्हणून कळवीन.

अण्णांना सांग, गाणं बाहेर ठेवलं. आता ते कुणाच्याच दारात येणार नाही.

रागावू नकोस, रागावलीस तरी लिही.

बिंदू


॥ श्री ॥
रामघाट, वाराणसी
२६ ऑगस्ट १९९४

चि. बिंदू, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तांदूळ निवडता निवडता मोठ्याने वाचलं, भिंतीला ऐकू जाईल असं. वरचा पाठ थांबला तो पुन्हा सुरू झालाच नाही. भावजी खाली आले, आणि मुलगा गाणं सोडतो म्हणजे काय, असं मलाच दरडावून विचारलं, जसं मीच सोडतेय. मीही म्हटलं, इतकी वर्षं दरडावलं नव्हतं, की अर्धं म्हणणाऱ्याने उरलेलं अर्धं कुठे ठेवलंय तेही सांगावं. त्यांनी उपरण्याला हात पुसले. मग तुला लिहायला कागद मागितला.

या वेळी चार बोटं माझी, बाकी सगळी जागा त्यांनी घेतली आहे. वापरतील किती, देव जाणे.

लतिकाकाकू


चि. बिंदुमाधव यास अनेक आशीर्वाद. विशेष.

कॅसेट अकरा वेळा ऐकली. वहिनींना तीनच ठाऊक आहेत. त्या दुपारी कीर्तनाला जातात.

उच्चार स्वच्छ आहेत. ढोलवाल्याची लय पक्की आहे. तो कुणाकडे शिकला ते कळवणे. गिटार मला कळत नाही.

तिसऱ्या आवर्तनात 'राम भोसले संकठा' नंतर 'संकठा भोसले राम' राहिले आहे. अर्धे म्हणालो ते याकरिता. घन उलटा गेला की सुलटा परत यावा लागतो. संकठेवर सोडलेस तर नावेचे तोंड मणिकर्णिकेकडेच राहते. त्या दिवशी मी तुला तिथे सोडले नव्हते.

काशीनाथाला दुरुस्त पाठ सांगितला, तो ऐकत नाही. म्हणतो, भैया म्हणतील तेव्हा म्हणू. तेव्हा मैदानावर तूच म्हणून दाखव. लोक संकठेवर थांबतील. तू थांबू नकोस.

गाणे बाहेर ठेवण्याची गरज नाही.

रामापर्यंत येणे.

श्रीनिवास